स्वतःचाच पंच: गोल्फमधला राग आणि खिलाडूवृत्ती

खेळांच्या इतिहासावरच्या आपल्या गप्पांमध्ये आज गोल्फ. ज्यांना ऐकायला सवड नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलण्यातली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत, सांभाळून घ्या.

गोल्फबद्दल आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, हा श्रीमंतांचा खेळ. दुसरं, हा सज्जनांचा खेळ. पहिल्या वाक्यावर पुन्हा कधीतरी वाद घालू. आज मला दुसऱ्यावर बोलायचंय. कारण गोल्फचा इतिहास उघडला की सज्जन दिसायच्या आधी दिसतात ते काठ्या फेकणारे, शिव्या घालणारे, चिडून खेळ अर्धवट सोडून जाणारे लोक. आणि गंमत म्हणजे, त्यातलेच काही लोक पुढे खिलाडूवृत्तीची उदाहरणं म्हणून सांगितले जातात. हे कसं काय?

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. अठरा होल. प्रत्येक जण आपापला चेंडू कमीत कमी फटक्यांत प्रत्येक होलमध्ये टाकतो. ज्या काठीने मारतात तिला खरं तर ‘क्लब’ म्हणतात. पण ज्या संस्थेच्या मैदानावर खेळतात तोही क्लबच, म्हणून मी आज सरळ ‘स्टिक’ म्हणणार आहे. आता महत्त्वाचं. तुमच्यामागे प्रत्येक फटक्याला पंच उभा नसतो. नियम सांगायला अधिकारी असतात, पण ते बहुधा बोलावल्यावर येतात. मैदान इतकं अवाढव्य असतं की झाडीत, उंच गवतात तुम्ही आणि तुमचा चेंडू एवढेच उरता. चेंडू तुमच्यामुळे तसूभर हलला, तर ते तुम्हीच सांगायचं आणि दंडाचा फटका तुम्हीच स्वतःच्या नावावर लावून घ्यायचा.

क्रिकेटशी तुलना करून बघा. १९८० साली मुंबईत वानखेडेवर पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथने परत बोलावलं. आपण तो सामना हरलो, पण ती गोष्ट आजही सांगतो. तिथे पंच होता, त्याने निर्णय दिला होता आणि विश्वनाथने तो मोठ्या मनाने बाजूला ठेवला. गोल्फमध्ये निर्णय देणाराच मुळात तुम्ही असता.

आणि रागाचं मूळही नेमकं इथेच आहे. समोरून कोणी बाउन्सर टाकत नाही, कोणी पायात पाय घालत नाही. चेंडू जमिनीवर शांत पडलेला असतो. चुकलं तर चूक शंभर टक्के तुमची. पंचावर खापर फोडता येत नाही. मग माणूस काय करतो? हातातल्या स्टिकवर राग काढतो.

आता १९२१ सालात जाऊ. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज, म्हणजे गोल्फची पंढरीच म्हणा. ब्रिटिश ओपन चालू होती. अमेरिकेतल्या अटलांटाचा १९ वर्षांचा बॉबी जोन्स तिसऱ्या फेरीत खेळत होता. पहिले नऊ होल वाईट गेले, दहावा त्याहून वाईट. अकराव्या होलवर चेंडू बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात अडकला. दोन-चार वेळा मारूनही बाहेर येईना. जोन्सने चेंडू उचलून घेतला आणि आपल्यापुरती स्पर्धा संपवून टाकली. जिथे ऊन-पाऊस-वारा काहीही असो, खेळ पूर्ण करायचाच अशी रीत, तिथे हा प्रकार. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुइसला त्याने रागाने फेकलेली स्टिक जमिनीवरून उसळून एका प्रेक्षक बाईच्या पायाला लागली. अमेरिकन गोल्फ संघटनेकडून त्याला पत्र गेलं. आशय साधा होता: राग आवर, नाहीतर आमच्या स्पर्धांत तुला जागा नाही.

यानंतर चार वर्षांनी, १९२५ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला यू.एस. ओपन झाली. पहिल्या फेरीत अकराव्या होलवर जोन्सचा चेंडू उंच गवतात होता. स्टिक टेकवताना गवत हललं आणि चेंडूही किंचित हलला. बघितलं फक्त त्याने. त्याने अधिकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी चौकशी केली, कोणी काहीच पाहिलेलं नव्हतं. जोन्स म्हणाला, मी पाहिलं आहे, एक फटका दंड लावा. स्पर्धेच्या शेवटी तो आणि विली मॅक्फर्लेन २९१ फटक्यांवर बरोबरीत आले. तो एक फटका नसता तर जोन्स तिथेच जिंकला असता. विजेता ठरवायला आणखी १८ होल खेळवले, पुन्हा बरोबरी. आणखी १८, आणि मॅक्फर्लेन एका फटक्याने जिंकला.

लोकांनी जोन्सची स्तुती सुरू केली. त्याचं उत्तर पुढे प्रसिद्ध झालं. त्याचा अर्थ असा की बँक लुटली नाही म्हणून तुम्ही एखाद्याची पाठ थोपटता का?

शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट ‘रागीट मुलगा सुधारला’ अशी छापली जाईल. मला ती तशी वाटत नाही. मला ती एकाच स्वभावाची दोन रूपं वाटतात. स्वतःची छोटीशी चूकही ज्याला सहन होत नाही, तोच बंकरमधून चेंडू उचलून चालायला लागतो आणि तोच गवतातला हललेला चेंडू लपवू शकत नाही. शिकला तो एवढंच, की त्या असह्यतेचं करायचं काय.

पण थांबा. जोन्सच्या गोष्टीत एक मेख आहे. तो व्यावसायिक नव्हता. आयुष्यभर हौशी खेळाडू म्हणून खेळला, बक्षिसाचा एक पैसा घेतला नाही. वकिलीचं शिक्षण, खाऊन-पिऊन सुखी घर. हरला म्हणून संध्याकाळची चूल विझणार नव्हती. त्याला हरवणारा मॅक्फर्लेन मात्र गोल्फवर पोट भरणारा व्यावसायिक होता.

त्या काळी व्यावसायिकाची जागा काय होती हेही बघण्यासारखं आहे. ‘सज्जन’ हा शब्द स्वभावासाठी नव्हता, वर्गासाठी होता. व्यावसायिक म्हणजे काठ्या दुरुस्त करणारा, सभासदांना शिकवणारा नोकर. क्लबच्या मुख्य इमारतीत त्याला प्रवेश नसे. १९२० मध्ये इंग्लंडमधल्या डील इथल्या ओपनला अमेरिकन व्यावसायिक वॉल्टर हेगन आला. आत कपडे बदलता येणार नाहीत असं कळल्यावर त्याने ऐटबाज मोटार भाड्याने घेतली, ती इमारतीच्या दारासमोर उभी केली आणि तिच्यातच आपली ‘ड्रेसिंग रूम’ थाटली. त्याच वर्षी अमेरिकेत टोलीडोच्या इन्व्हरनेस क्लबने यू.एस. ओपनसाठी व्यावसायिकांना आपली दारं उघडली. खेळाडूंनी वर्गणी काढून क्लबला एक उंच घड्याळ भेट दिलं. दार उघडलं म्हणून घड्याळ! यावरून आधीची परिस्थिती काय असेल ते समजा.

म्हणून माझा आजचा प्रश्न असा आहे: ज्याचं पोटच खेळावर आहे, त्याने स्वतःवर दंड लावून घेण्याची किंमत काय? खिलाडूवृत्तीचा खरा कस तिथे लागतो.

त्याआधी रागाच्या बादशहाला भेटू. टॉमी बोल्ट, ओक्लाहोमाचा. सुतारकाम, बांधकामाची कामं, सैन्यातली नोकरी हे सगळं करून तो उशिरा व्यावसायिक गोल्फमध्ये आला. टोपणनाव काय, तर ‘टेरिबल टॉमी’. १९५८ मध्ये त्याने टल्साच्या सदर्न हिल्सवर यू.एस. ओपन जिंकली. पण लोकांच्या लक्षात आहे ते १९६० साल. डेन्व्हरजवळच्या चेरी हिल्सवर शेवटच्या होलला त्याचे दोन चेंडू पाण्यात गेले. पाठोपाठ त्याने स्टिकही तळ्यात भिरकावली. तो फोटो गोल्फच्या इतिहासातल्या सगळ्यात प्रसिद्ध फोटोंपैकी एक आहे. स्टिक फेकायचीच तर पुढच्या दिशेने फेका, म्हणजे उचलायला मागे यावं लागत नाही, हा सल्लाही त्याच्याच नावावर आहे.

पुढे बोल्टनेच सांगितलं की गोल्फने एखाद्याला छळलेलं बघायला लोकांना आवडतं, म्हणून आपण इतक्या वेळा फेकाफेकी केली. म्हणजे सुरुवातीला राग होता, नंतर त्याचा खेळ झाला. आणि कळस बघा, १९६९ मध्ये त्याच्या नावावर पुस्तक आलं, विषय: गोल्फ खेळताना डोकं शांत कसं ठेवावं! मला बोल्टचा राग येत नाही. त्याचा राग स्वतःवर आणि लाकडा-लोखंडावर होता. वाईट स्वभाव आणि वाईट खेळाडू या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपण त्यांची फार गल्लत करतो.

आता उलट उदाहरण. १४ एप्रिल १९६८, ऑगस्टा, मास्टर्स स्पर्धेचा शेवटचा दिवस. अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे विसेन्झोचा ४५ वा वाढदिवस. त्या दिवशी तो अफलातून खेळला. गोल्फमध्ये तुमचं गुणपत्रक, म्हणजे स्कोअरकार्ड, सोबतचा खेळाडू भरतो. तुम्ही तपासून सही करायची. सतराव्या होलवर दे विसेन्झोने तीन फटक्यांत काम केलं. टीव्हीवर असंख्य लोकांनी ते पाहिलं. सोबतच्या टॉमी एरनने चुकून चार लिहिले. अठराव्यावर दे विसेन्झोला एक फटका जास्त लागला, त्याच तंद्रीत त्याने नीट न बघता सही केली.

नियम असा, आणि तो आजही आहे: खऱ्यापेक्षा जास्त फटके लिहिलेल्या कार्डावर सही केलीत, तर तेच धरले जातात. ६५ चे ६६ झाले. बॉब गोल्बीशी बरोबरी व्हायची होती, दुसऱ्या दिवशी दोघांत निर्णायक फेरी झाली असती. त्याऐवजी गोल्बी एका फटक्याने विजेता ठरला. ही स्पर्धा सुरू करणारा माणूस कोण? आपला बॉबी जोन्स. तो तेव्हा आजाराने खिळलेला होता. अधिकारी त्याच्याकडे जाऊन विचारून आले. नियम तो नियम, असंच ठरलं.

दे विसेन्झो एरनवर ओरडू शकला असता, आयोजकांवर तोंडसुख घेऊ शकला असता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो जे बोलला त्याचा अर्थ, मी किती मूर्ख! दोष पूर्णपणे स्वतःकडे घेतला आणि गोल्बीच्या खेळाचं कौतुक केलं. पुढे १९७० मध्ये अमेरिकन गोल्फ संघटनेने त्याला खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला. पुरस्काराचं नाव बॉब जोन्स पुरस्कार.

पण यात एक माणूस आपण विसरतो, तो म्हणजे गोल्बी. त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. तरीही लोकांनी त्याला वर्षानुवर्षं घाणेरडी पत्रं पाठवली, जणू त्याने विजेतेपद चोरलं होतं. एका खेळाडूच्या सज्जनपणाचं कौतुक करताना प्रेक्षकांनी दुसऱ्यावर केलेला हा अन्याय. खिलाडूवृत्तीची अपेक्षा आपण फक्त खेळाडूंकडूनच ठेवतो, हे बरोबर नाही.

प्रेक्षकांचा विषय निघालाच आहे तर रायडर कपकडे वळू. एरवी एकट्याने खेळणारे गोल्फर इथे संघ म्हणून खेळतात. १९६९, इंग्लंडमधलं रॉयल बर्कडेल, अमेरिका विरुद्ध ब्रिटन. वातावरण कडवट होतं. ब्रिटनचा कर्णधार एरिक ब्राउनने आपल्या खेळाडूंना बजावलं होतं की प्रतिस्पर्ध्याचा चेंडू गवतात हरवला तर शोधायला मदत करायची नाही. दुसऱ्या दिवशी खेळाडूंमध्ये चांगलीच जुंपली. शेवटच्या दिवशी सगळं येऊन ठेपलं शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या होलवर: जॅक निकलस आणि टोनी जॅकलिन. निकलसने आपला चेंडू होलमध्ये टाकला. जॅकलिनचा दोन-अडीच फुटांवर राहिला होता. चुकला तर अमेरिका जिंकणार. जॅकलिन त्याच वर्षी ब्रिटिश ओपन जिंकलेला, सगळ्या देशाचा लाडका.

निकलसने वाकून जॅकलिनच्या चेंडूची खूण उचलली. म्हणजे तो फटका त्याने सोडून दिला, मारायची गरज नाही. तू चुकला असतास असं मला वाटत नाही, पण तशी वेळही तुझ्यावर येऊ द्यायची नव्हती, असं तो म्हणाला. सामना १६–१६ बरोबरीत सुटला. रायडर कपच्या इतिहासातली ती पहिली बरोबरी. अमेरिकेचा कर्णधार सॅम स्नीड मात्र नाराज झाला. त्याचं म्हणणं सरळ होतं, आम्ही जिंकायला आलो होतो. स्नीडला खलनायक ठरवणं सोपं आहे. पण निकलसने जे दिलं ते त्याच्या एकट्याचं नव्हतं, सगळ्या संघाचं होतं, हा मुद्दा खोटा नाही. कप आधीपासून अमेरिकेकडे असल्याने बरोबरीतही तो तिथेच राहणार होता, म्हणून हे औदार्य परवडलं, असंही म्हणता येईल. तरीही कडवटपणाच्या तीन दिवसांनंतर कोणीतरी पहिलं पाऊल टाकावं लागतं, ते त्याने टाकलं.

अठरा वर्षांनी, १९८७ मध्ये, हेच दोघे रायडर कपचे कर्णधार म्हणून समोरासमोर आले. निकलसच्या संघात बेन क्रेनशॉ होता. त्याचं टोपणनाव ‘जंटल बेन’, म्हणजे सौम्य बेन. या सौम्य बेनने शेवटच्या दिवशी सहाव्या होलनंतर रागाच्या भरात आपला पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायची स्टिक, मोडून टाकला. रागाने मोडलेली स्टिक बदलून मिळत नाही. उरलेला सामना तो भलत्याच स्टिकने चेंडू ढकलत खेळला आणि शेवटच्या होलवर हरला. अमेरिकेच्या भूमीवर युरोप पहिल्यांदाच जिंकला, १५–१३.

आणि १९९९ मध्ये ब्रुकलाइनला अमेरिकेचा कर्णधार होता हाच क्रेनशॉ. शेवटच्या दिवशी अमेरिका ६–१० अशी मागे. मग जोरदार मुसंडी. सतराव्या होलवर जस्टिन लेनर्डने सुमारे ४५ फुटांवरून चेंडू होलमध्ये टाकला आणि अमेरिकन खेळाडू, त्यांच्या बायका, सगळे हिरवळीवर धावत सुटले. समोरच्या होसे मारिया ओलाथाबालचा फटका अजून बाकी होता! त्याला बरोबरीची संधी होती. गोंधळ शमल्यावर त्याने मारला, तो चुकला. अमेरिका १४½–१३½ जिंकली, पण माफी मागत.

त्याच दिवशी मागे एक सामना चालू होता. कॉलिन माँटगोमेरीला अमेरिकन प्रेक्षक दिवसभर इतकं घाणेरडं बोलत होते की त्याचे वडील मैदान सोडून निघून गेले. त्याचा प्रतिस्पर्धी पेन स्टुअर्ट स्वतः त्या प्रेक्षकांना आवरत होता. कपचा निकाल लागल्यावर शेवटच्या होलवर स्टुअर्टने सामना माँटगोमेरीला देऊन टाकला. तरुणपणी हाच स्टुअर्ट तोऱ्यात वागणारा म्हणून बऱ्याच जणांना आवडत नसे. पुढच्याच महिन्यात विमान अपघातात तो गेला.

आता पैशाच्या प्रश्नाकडे येतो. एप्रिल २०१०, साउथ कॅरोलायनातलं हार्बर टाउन. इंग्लंडचा ब्रायन डेव्हिस आणि अमेरिकेचा जिम फ्युरिक बरोबरीत. निर्णायक होलवर डेव्हिसचा चेंडू पाण्याकाठच्या वेताच्या काडीकचऱ्यात गेला. फटक्यासाठी स्टिक मागे नेताना ती एका सुट्या काडीला निसटती लागल्याचं त्याला जाणवलं. त्याने स्वतः अधिकाऱ्याला बोलावलं. टीव्हीवर अगदी संथ गतीने बघितल्यावर कुठे ते दिसलं. दोन फटके दंड, आणि खेळ खलास. पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसातला फरक चार लाख डॉलरहून जास्त होता. अमेरिकेच्या पी.जी.ए. टूरवर डेव्हिसला पुढे एकही विजय मिळाला नाही.

कोणी म्हणेल, कॅमेरे होते, पकडला गेलाच असता. ठीक. मग शेवटची गोष्ट ऐका. नोव्हेंबर २००८, टेक्सस. जे. पी. हेज नावाचा ४३ वर्षांचा व्यावसायिक पुढच्या मोसमाची पात्रता फेरी खेळत होता. पुढच्या वर्षाची रोजी बरीचशी त्यावर अवलंबून. पहिल्या दिवशी मधेच त्याच्या हातात वेगळ्या प्रकारचा चेंडू आला. ते लक्षात आल्यावर त्याने सांगितलं, दोन फटके दंड घेतला, विषय संपला. दुसरा दिवसही खेळून झाला. मग हॉटेलच्या खोलीत त्याच्या डोक्यात आलं की तो चेंडू कंपनीने चाचणीसाठी दिलेल्यांपैकी असावा, म्हणजे मान्यता नसलेला. ना कॅमेरा, ना प्रतिस्पर्धी, ना प्रेक्षक. तो चेंडू कुणी पुन्हा बघणारही नव्हतं. हेजने अधिकाऱ्यांना फोन केला. तो स्पर्धेतून बाद झाला. चेंडू कॅडीने दिला होता, पण दोष त्याने स्वतःकडेच घेतला. आणि म्हणाला काय, तर इथल्या कोणीही हेच केलं असतं.

जोन्सच्या बँकेच्या उत्तराला ८३ वर्षं झाली होती आणि एका व्यावसायिकाने जवळपास तेच उत्तर दिलं. फरक एवढाच की जोन्सकडे वकिली होती, हेजकडे गोल्फच होतं.

म्हणून मला ‘सज्जनांचा खेळ’ हे वाक्य अपुरं वाटतं. गोल्फमध्ये सगळ्या स्वभावांची माणसं आली: संतापी, तोरेबाज, भोळी, हिशेबी. खेळाने त्यांचा स्वभाव बदलला असं मला दिसत नाही. खेळाने त्यांच्यावर पंचाचं काम टाकलं. काहींनी ते काम करताना स्टिका मोडल्या. पण मोजायची वेळ आली तेव्हा यांनी बरोबर मोजलं, ज्यांचं पोट त्या आकड्यावर होतं त्यांनीसुद्धा.

तुम्हाला काय वाटतं? निकलसने तो फटका सोडायला हवा होता की स्नीडचं बरोबर होतं? मी अजून दोन्ही बाजूंनी विचार करतोय. जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.